टोकियोतली गफलत आणि टोकियोतला विजय

२५ जुलै २०२१. टोकियो ऑलिंपिकमधली महिलांची रोड रेस. फुजी स्पीडवेवरच्या अंतिम रेषेवर नेदरलँड्सची आनेमीक फान फ्लुटेन दोन्ही हात पसरून आली. सुवर्णपदक आपलेच, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. पण ऑस्ट्रियाची आना कीसेनहोफर सव्वा मिनिटापूर्वीच ती रेषा ओलांडून गेली होती.

त्या दिवसापासून या शर्यतीची एकच गोष्ट जगभर सांगितली जाते. ऑलिंपिकमध्ये सायकलपटूंच्या कानात रेडिओ नसतो. त्यामुळे पुढे नेमक्या किती जणी आहेत याचा डच संघाचा हिशेब चुकला. पळालेल्या सगळ्या हाती लागल्या असे समजून त्या निर्धास्त राहिल्या, आणि सगळ्यांच्या विस्मरणात गेलेल्या एका हौशी गणितज्ञ बाईच्या गळ्यात सुवर्णपदक पडले. गोष्ट सांगायला सोपी आहे, डोळ्यांपुढे चटकन उभी राहते, आणि तिच्यात खरेपणाचा अंशही आहे. फान फ्लुटेनने स्वतःच सांगितले होते की आपण जिंकलो असे तिला वाटले. पण या गैरसमजाने तिचे हात का वर गेले एवढेच कळते. कीसेनहोफर का जिंकली, हे त्याने कळत नाही. ते कारण त्याआधीच्या शंभर-सव्वाशे किलोमीटरांत, भर दिवसा, सगळ्या जथ्याच्या डोळ्यांदेखत घडले होते. तिकडे पाहायचे सोडून आपण शेवटच्या छायाचित्राकडेच पाहत राहिलो.

प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पुरतेपणी मांडणे बरे. शर्यत १३७ किलोमीटरची होती. एका देशाला जास्तीत जास्त चार सायकलपटू उतरवता येत होत्या. नेदरलँड्सच्या चौघी अशा होत्या की त्यांची नावे एकत्र वाचली तरी इतरांची उमेद खचावी: २०१२ ची लंडनची विजेती मारिआने फोस, २०१६ ची रिओची विजेती आणि त्या घडीची विश्वविजेती आना फान डर ब्रेखेन, २०१९ ची विश्वविजेती फान फ्लुटेन, आणि २०२१ मध्येच लिएज-बास्तोन्य-लिएज ही शर्यत जिंकलेली तरुण डेमी फोलरिंग. शर्यतीचे निशाण पडताच पाच जणी पुढे निघाल्या: कीसेनहोफर, पोलंडची आना प्लिख्ता, इस्राएलची ओमेर शापिरा, दक्षिण आफ्रिकेची कार्ला ओबरहोल्झर आणि नामिबियाची व्हेरा लूझर. त्यांची आघाडी दहा मिनिटांच्याही वर गेली. पुढे दोघी गळाल्या. कागोसाका खिंडीच्या चढावर, सुमारे ४१ किलोमीटर उरले असताना, कीसेनहोफरने प्लिख्ता आणि शापिरालाही मागे टाकले. जथ्याने त्या दोघींना अगदी शेवटच्या टप्प्यात गाठले आणि तिथेच पाठलाग संपला असे डच मंडळींना वाटले. कानात रेडिओ असता तर संघाच्या गाडीतून कोणीतरी ओरडले असते, ‘अजून एक पुढे आहे!’ चार अव्वल सायकलपटूंनी मग तिला सोडले नसते. ही प्रतिपक्षाची बाजू.

यातले पहिले छिद्र वेळेचे आहे. प्लिख्ता आणि शापिरा हाती लागेपर्यंत जथ्याच्या पुढे कोणीतरी आहे हे सगळ्यांना ठाऊकच होते. म्हणजे शेवटच्या पाचेक किलोमीटरांपर्यंत पाठलागाचे कारण शाबूत होते. पुढे दोन असोत की तीन, सुवर्ण हवे असेल तर मागच्यांनी जोर लावायचाच होता. ‘सगळ्या सापडल्या’ हा गैरसमज जन्मला तोच मुळी शर्यत संपत आली तेव्हा. जो गैरसमज शेवटच्या दहा मिनिटांत जन्मला, तो आधीच्या साडेतीन तासांचे कारण कसा होईल?

बरे, त्या शेवटच्या तुकड्यात सगळे कळले असते तर? फान फ्लुटेनने दोन किलोमीटरच्या आसपास उरले असताना जोरदार मुसंडी मारली आणि इतरांना मागे टाकले. तरीही रेषेवर ती ७५ सेकंद मागे होती. ताशी ४० किलोमीटर वेग धरला तर ७५ सेकंद म्हणजे आठशे मीटरांहून अधिक अंतर. पाच किलोमीटर कापायला या वेगाने साडेसात मिनिटे लागतात. त्यातून आणखी ७५ सेकंद वाचवायचे तर वेग ताशी ४८ किलोमीटरवर न्यावा लागेल. सपाटीवर वाऱ्याचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते, म्हणजे आधीच दमलेल्या पायांनी जवळपास पावणेदोन पट ताकद लावायची. रेडिओवरून कितीही आरडाओरडा झाला असता तरी ते होणे नव्हते. शेवटच्या पाच किलोमीटरांत सुवर्ण निसटले नाही, कारण तिथवर ते डच संघाच्या आवाक्यात उरलेच नव्हते.

प्रतिपक्षाचा जाणकार इथे एक पाऊल मागे सरकून अधिक भक्कम जागी उभा राहील. तो म्हणेल, गैरसमज शेवटी झाला नाही, तो आधीपासूनच होता. पुढे फक्त दोघी आहेत असे धरून डच संघाने आपला वेग आखला. त्या दोघी हाती लागतील एवढाच जोर लावला. तिसरी माहीत असती तर जोर आधीपासून वाढवला असता. हा आक्षेप मला गंभीर वाटतो, आणि या सगळ्या वादात उत्तर देण्याजोगा खरा आक्षेप हाच आहे.

पण त्याला एक गोष्ट गृहीत धरावी लागते: त्या दिवशी कोणीतरी वेग ‘आखत’ होते. पुढच्या दोघींना आखून-मोजून गाठायचे असते तर कोणताही अनुभवी संघ त्यांना शेवटच्या पाच किलोमीटरांपर्यंत मोकळे सोडत नाही. एखादे पंक्चर किंवा एखादी घसरण झाली की सगळा हिशेब कोलमडतो. फ्रेंच समालोचक रोबेर शापात यांच्या नावाने सायकलिंगमध्ये एक ठोकताळा प्रसिद्ध आहे: नेटाने पाठलाग करणारा जथा दर १० किलोमीटरला साधारण एक मिनिट भरून काढतो. हा निसर्गनियम नव्हे, पण अंदाज बांधायला पुरतो. त्या मापाने दहा मिनिटांची आघाडी मोडायला १०० किलोमीटरांचा पाठलाग हवा, आणि इथे सगळी शर्यतच १३७ किलोमीटरची. शिवाय शापात यांच्या मनातला जथा व्यावसायिक संघांचा होता. तिथे नेत्यासाठी दिवसभर वारा अंगावर घ्यायला तयार असलेले पाच-सात सहकारी प्रत्येक मोठ्या संघाजवळ असतात. टोकियोत सर्वांत मोठ्या संघात माणसे चार. अशा ठिकाणी पाच जणींना दहा मिनिटे देऊन टाकली तेव्हाच निम्मा निकाल लागला होता, आणि ती दहा मिनिटे देताना कोणीही अंधारात नव्हते. पाचही जणी निशाण पडल्यापासून सगळ्यांसमोरून गेल्या होत्या. जथ्याच्या बाजूने जाणाऱ्या मोटारसायकलवरची पाटी अंतर दाखवत होती. मागे संघांच्या गाड्या होत्या, आणि बाटल्या घ्यायला गाडीपाशी गेलेल्या सायकलपटूला हवे ते विचारता येत होते. ज्ञान अपुरे असेल, पण आघाडी वाढते आहे एवढे कळण्याइतके ते नक्कीच होते.

तेव्हा खरा प्रश्न असा आहे: माहीत असूनही कोणी पाठलाग का केला नाही?

त्यासाठी या खेळाच्या मुळाशी असलेला वारा समजून घ्यावा लागतो. सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या सायकलपटूची बहुतेक शक्ती हवा कापण्यात जाते. दुसऱ्याच्या चाकामागे राहिले की त्यातला मोठा वाटा वाचतो. वायुगतिकीचे अभ्यासक बर्ट ब्लोकेन यांच्या चमूने २०१८ मध्ये १२१ सायकलपटूंच्या जथ्याचा अभ्यास केला. जथ्याच्या पोटात सुरक्षित असलेल्याला एकट्याने जाणाऱ्याच्या अवघ्या ५ ते १० टक्के इतकाच वाऱ्याचा विरोध होतो, असे त्यांना आढळले. म्हणून पुढे राहणे म्हणजे इतरांसाठी राबणे, आणि जो राबतो तो शेवटच्या झुंजीत कमी पडतो. पाठलाग ही सगळ्यांच्या फायद्याची आणि करणाऱ्याच्या तोट्याची गोष्ट आहे. चढावर वेग कमी झाला की आडोशाचा हा फायदा आटतो. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटाच्या पायथ्यापर्यंत एकत्र आलेला जथा घाटात विस्कटतो त्याचे एक कारण हेच. टोकियोच्या मार्गावर एकूण चढाई २,६९२ मीटर होती. म्हणजे पुढे पळालेल्या मूठभर जणींचे सपाटीवर होणारे नुकसान इथे बराच वेळ कमी राहिले.

व्यावसायिक शर्यतींत हा तिढा पगाराने सुटतो. दुसऱ्यासाठी वारा झेलणे ही काही जणांची नोकरीच असते. नेत्यासाठी मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणायच्या, पळालेल्यांना गाठून द्यायचे, आणि शेवटच्या अर्ध्या तासात दमून मागे पडायचे, हे त्यांचे काम. डच संघात असे काम करणारी एकही नव्हती. चौघीही विजेत्या, चौघीही त्या दिवशी जिंकू शकणाऱ्या. ‘तूही राणी, मीही राणी, मग पाणी आणायला कोण?’ ही आपल्याकडची जुनी म्हण इथे अक्षरशः लागू पडते. पहिल्या ६० किलोमीटरांत फोस किंवा फोलरिंगने आपली शर्यत पणाला लावून पुढे वेग ओढला असता तर आघाडी दहा मिनिटांवर गेलीच नसती. पण ज्या सायकलपटूला स्वतःला सुवर्ण मिळू शकते, तिने पाच अपरिचित नावांच्या मागे पहिल्याच तासात आपले पाय का झिजवावेत? त्या क्षणी तसे न करणे शहाणपणाचेच होते. चौघींपैकी प्रत्येकीचा निर्णय सुटा पाहिला तर बरोबर ठरतो. चारही एकत्र ठेवले की चूक होते.

पुढे काय झाले ते तर अधिकच बोलके आहे. साठेक किलोमीटर उरले असताना फान फ्लुटेन जथ्यातून एकटी निसटली. पंचवीसेक किलोमीटर उरेपर्यंत ती जथ्याच्या पुढे, पण आघाडीच्या बरीच मागे, अशी मधल्यामध्ये एकटी चालवत राहिली. या काळात तिच्या तिघी सहकाऱ्यांचे काम काय? काहीच न करणे. आपली सहकारी पुढे असताना मागच्या जथ्याला ओढून नेणे म्हणजे तिला दगा देणे, हा या खेळातला अलिखित कायदा आहे. म्हणजे शर्यतीचा सर्वांत निर्णायक असा पस्तीसेक किलोमीटरांचा पट्टा, ज्यात कीसेनहोफरने शेवटच्या दोघींना सोडले आणि ती एकटी पुढे जाऊ लागली, त्या पट्ट्यात जगातला सर्वांत बलवान संघ पाठलाग करायला मोकळाच नव्हता. त्याने स्वतःच्या डावपेचाने स्वतःचे हात बांधून घेतले होते. यात विसरभोळेपणा कुठे आहे?

तो डावपेच मूर्खपणाचा होता असेही मी म्हणणार नाही, कारण दोनच वर्षांपूर्वी तो लखलखीत यशस्वी ठरला होता. २०१९ च्या यॉर्कशरमधल्या जागतिक स्पर्धेत हीच फान फ्लुटेन १०५ किलोमीटर उरले असताना एकटी निघाली. मागे फान डर ब्रेखेन पाठलाग करणाऱ्यांच्या चाकांवर बसून राहिली, तिने त्यांना हातभार लावला नाही. पाठलागाचा दम गेला. फान फ्लुटेन विश्वविजेती झाली आणि सव्वादोन मिनिटांनी मागे आलेली फान डर ब्रेखेन दुसरी. जागतिक स्पर्धेतही कानात रेडिओ नसतो, हे इथे लक्षात घ्यायला हवे. तेव्हा रेडिओ नसल्याने डच संघाचे काही अडले नाही. यॉर्कशर आणि टोकियो यांतला फरक एवढाच की यॉर्कशरमध्ये फान फ्लुटेन सर्वांत पुढे होती, टोकियोत तिच्याही पुढे दुसरे कोणी होते. मागच्यांना थोपवून धरण्याच्या डावपेचाचा लाभ नेहमी सर्वांत पुढे असणाऱ्याला मिळतो. त्या दिवशी डच संघाने तो लाभ स्वतःच्या हातांनी ऑस्ट्रियाला दिला.

आता इतर देशांकडे वळू. इटली, जर्मनी, बेल्जियम, डेन्मार्क यांच्याही सायकलपटू जथ्यात होत्या, आणि पदक त्यांनाही हवे होते. त्यांनी पाठलाग का केला नाही, हा प्रश्न ‘डच विसरले’ म्हणणारे कधी विचारत नाहीत. पण उत्तर उघड आहे. ज्या जथ्यात चार डच बसल्या आहेत तो जथा पुढच्यांपर्यंत ओढून नेणे म्हणजे स्वतः दमून डच विजयाची वाट मोकळी करणे. कागदावरचे बळ असे उलटते. संघ जितका वरचढ, तितके इतर सगळे त्याच्याकडे बोट दाखवून मोकळे होतात: तुमची शर्यत, तुम्हीच ओढा. बलाढ्य संघाला एकदिवसीय शर्यतीत कोणाची मदत मिळत नाही, आणि चार जणींच्या संघात ती मदत घरातून पुरवण्याइतकी माणसेही नसतात. टप्प्याटप्प्यांच्या शर्यतीत आज गेलेला वेळ उद्या भरून काढता येतो. एकदिवसीय शर्यतीत उद्या नसतो, म्हणून हे एकमेकांकडे बोट दाखवणे तिथे इतके महागात पडते.

संख्याबळ आणि विजय यांचे नाते किती तकलादू असते याचा याहून स्वच्छ दाखला २०१५ च्या ओमलोप हेट न्यूसब्लाड या बेल्जियन शर्यतीत मिळतो. तिथे शेवटी चार जण पुढे राहिले. त्यांतले तिघे एकाच संघाचे: टॉम बोनेन, निकी टर्पस्ट्रा आणि स्टेन फान्डनबर्ग. चौथा एकटा इंग्लंडचा इयन स्टॅनर्ड. कोण कुठे आहे हे विचारायला रेडिओ लागत नव्हता, चौघेही एकमेकांच्या श्वासाच्या अंतरावर होते. तिघांनी आळीपाळीने हल्ले करून एकट्याला दमवावे, हा पाठ्यपुस्तकातला उपाय. त्यांनी हल्ले केलेही. स्टॅनर्डने ते मोडून काढले, मग स्वतःच उलटा हल्ला चढवला. टर्पस्ट्रा तेवढा त्याच्याबरोबर टिकला, आणि अखेरच्या स्प्रिंटमध्ये स्टॅनर्डने त्यालाही मागे टाकले. कोणालाही कोणाचा विसर पडलेला नव्हता. तिघांचा एक हिशेब जुळला नाही आणि एकट्याचे पाय चांगले होते, एवढेच.

प्रतिपक्ष आता रिओचा दाखला काढेल, आणि तो काढायलाच हवा. २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची मारा अ‍ॅबट शेवटच्या टप्प्यात एकटी पुढे होती. मागच्या तिघींना पुढे कोण आहे ते पक्के ठाऊक होते, आणि त्यांनी तिला रेषेच्या जेमतेम दोनशे मीटर अलीकडे गाठले. फान डर ब्रेखेन, स्वीडनची एमा योहान्सन आणि इटलीची एलिसा लोंगो बोर्गिनी यांना पदके मिळाली, अ‍ॅबट चौथी आली. म्हणजे माहिती असली की पाठलाग होतो! पण जरा नीट पाहू. तिघी तीन देशांच्या. पदके तीन. पुढे एक. तिला गाठले तर तिघींनाही पदक नक्की, नाही गाठले तर तिघींपैकी एकीचे हात रिकामे. तिथे राबण्याचा मोबदला प्रत्येकीला रोख मिळणार होता, म्हणून तिघीही जीव तोडून राबल्या. रिओत पाठलाग यशस्वी झाला तो तिघींचे हित एका रेषेत आल्याने. टोकियोच्या मोठ्या जथ्यात तसे हित कोणाचेच जुळत नव्हते. उलट प्रत्येक देशाची सोय ‘दुसऱ्याने ओढावे’ यात होती.

आणि हितसंबंध जुळले नाहीत तर माहिती असूनही काय होते, हे २०२४ मध्ये पॅरिसने दाखवले. शेवटचे तीनेक किलोमीटर उरले होते. फोस आणि हंगेरीची ब्लांका वाश पुढे होत्या. बेल्जियमची लोटे कोपेकी आणि अमेरिकेची क्रिस्टन फॉकनर मागून येऊन त्यांना मिळाल्या, आणि मिळताक्षणी फॉकनर न थांबता तशीच पुढे निघाली. तिघींनी ते डोळ्यांनी पाहिले, मोजायला एकच जण होती. फोसने पाठलाग करावा तर कोपेकी तिच्या आडोशाने ताजी राहणार. कोपेकीने करावा तर स्प्रिंटमध्ये फोस तिला मागे टाकणार. वाशने करावा तर दोघीही तिच्यावरून जाणार. तिघी एकमेकींकडे पाहत राहिल्या आणि फॉकनर ५८ सेकंदांनी जिंकली. तीन किलोमीटरांत ५८ सेकंद! फॉकनरचा जोर त्यात आहेच, पण मागचे थांबलेले पायही आहेत. टोकियोच्या गोष्टीतून विस्मरण काढून टाकले तर जे उरते ते हेच. फरक इतकाच की पॅरिसमध्ये ते तीन किलोमीटरांत घडले आणि टोकियोत शंभराहून अधिक किलोमीटरांत.

म्हणून ‘रेडिओ द्या, म्हणजे असे होणार नाही’ हा टोकियोनंतर वारंवार केला गेलेला युक्तिवाद मला पटत नाही. सुरक्षिततेसाठी रेडिओ हवा की नको हा वेगळा आणि महत्त्वाचा वाद आहे. पुढे रस्त्यावर तेल सांडले आहे, वळणावर कोणी पडले आहे, हे सायकलपटूंना कळायलाच हवे. पण रेडिओ माहिती पोचवतो, कोण राबणार हे ठरवत नाही. फान फ्लुटेनच्या कानात यंत्र असते तर तिने हात उंचावले नसते आणि रौप्यपदकावर तिची निराशा रेषेआधीच सुरू झाली असती. निकालाचा क्रम तोच राहिला असता असे मी ठामपणे म्हणतो.

आता मंडनाची बाजू. कारण डच संघाच्या डावपेचांवर सगळे खापर फोडले तरी विजेती पुन्हा बाजूलाच राहते, आणि या गोष्टीतला मला सर्वांत खटकणारा अन्याय तोच आहे. ‘हौशी गणितज्ञ’ हे वर्णन अर्धेच खरे आहे. कीसेनहोफरकडे त्या वर्षी व्यावसायिक संघाचा करार नव्हता, हे खरे. तिने केंब्रिजमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेतले, बार्सिलोनात गणितात डॉक्टरेट केली आणि लोझानच्या तंत्रविद्यापीठात संशोधन केले, हेही खरे. पण २०१६ मध्ये आर्देशच्या महिला शर्यतीत मों वाँतूच्या चढाचा टप्पा तिने जिंकला होता. २०१७ मध्ये ती लोटो-सुदाल या व्यावसायिक संघात होती. २०१९, २०२० आणि २०२१ अशी तीन वर्षे ती ऑस्ट्रियाची टाइम ट्रायल विजेती होती. तासभर एकटीने, कोणाच्या आडोशाशिवाय, ठरल्या ताकदीने सायकल चालवणे हेच जिचे कसब, ती ४१ किलोमीटर एकटी जाऊ शकते यात नवल ते काय?

मार्गाची तिची पारखही नेमकी होती. आदल्या दिवशी झालेल्या पुरुषांच्या शर्यतीत फुजीचा चढ आणि मिकुनी खिंडीचा जीवघेणा चढ होता. महिलांच्या मार्गात दोन्ही नव्हते. त्यामुळे कागोसाका ओलांडल्यावर मोठा चढ उरत नव्हता. उतार, मग स्पीडवेच्या आसपासचा वर-खाली होणारा रस्ता, आणि शेवट. चढ असता तर मागच्या बलवान चढाईपटूंनी एकटीला तिथे हेरून तिच्या आघाडीचा मोठा घास घेतला असता. कागोसाकावरच सोबतिणींना सोडण्यात मोठे धाडस होते, कारण तिघी मिळून वारा वाटून घेता येतो आणि एकटीला तो सगळा स्वतः झेलावा लागतो. पण सोबतिणी दमत होत्या आणि त्यांच्या वेगाने राहणे म्हणजे मागच्यांना वेळ देणे. तिने चढावर, जिथे आडोशाचा फायदा सर्वांत कमी असतो नेमक्या त्या जागी, त्यांची साथ सोडली. तिथून पुढे शेवटपर्यंत तिची मागच्यांवरची आघाडी पुरेशी राहिली. टोकियोच्या दमट उन्हाळ्यात, निशाण पडल्यापासून सगळा दिवस पुढे राहून, तिने ३ तास ५२ मिनिटे ४५ सेकंदांत शर्यत पूर्ण केली. ऑस्ट्रियाची ती एकटीच सायकलपटू होती. बाटली आणून द्यायला सहकारी नव्हती, आणि पाठलाग रोखून धरायलाही कोणी नव्हते.

तिने पहिल्याच मीटरला हल्ला केला याला काही जण जुगार म्हणतात. मला तो तिच्या परिस्थितीचा सर्वांत अचूक हिशेब वाटतो. मोठ्या जथ्यात धक्के खात जागा मिळवणे तिच्या आवडीचे नव्हते, हे तिने स्वतःच सांगितले आहे. शेवटच्या किलोमीटरपर्यंत जथ्यात राहून फोस किंवा कोपेकीला स्प्रिंटमध्ये हरवण्याची शक्यता तिला जवळपास नव्हतीच. जे पाय तिच्याकडे होते त्यांना जिंकायचा एकच रस्ता होता, आणि तो निशाण पडताच सुरू होत होता. पळालेल्या गटाला शेवटी पकडतातच, हे सरासरीचे सत्य तिलाही ठाऊक होते. पण ते सत्य अशा शर्यतींतून आले आहे जिथे मागे भाडोत्री पाठलागकर्ते असतात. चार-चारच्या संघांत ते नसतील, हे तिने ओळखले की नुसतेच आजमावून पाहिले, हे तिचे तिला ठाऊक. रस्त्यावर ते खरे ठरले.

डच संघाच्या ताकदीबद्दल ज्यांना अजूनही शंका असेल त्यांनी तीनच दिवसांनंतरची, २८ जुलैची टाइम ट्रायल पाहावी. २२.१ किलोमीटर, प्रत्येक जण एकटी, वेगवेगळ्या वेळी सुटणारी, कोणाच्या चाकामागे कोणी नाही. फान फ्लुटेनने दुसऱ्या आलेल्या स्वित्झर्लंडच्या मार्लेन रॉयसरला ५६ सेकंदांनी मागे टाकून सुवर्ण जिंकले, फान डर ब्रेखेनला कांस्य मिळाले. पाय तेच, आठवडा तोच, आणि रेडिओचाही काही संबंध नव्हता. त्या दिवशी कोणाला कोणासाठी राबायचे नव्हते.